मंदाकिनीच्या खोऱ्यात पहिल्यांदा जाताना: रुद्रप्रयाग जिल्ह्याच्या प्रवासाची क्रमवार आखणी

केदारनाथला निघालेल्या बहुतेक मराठी यात्रेकरूंच्या लेखी रुद्रप्रयाग हे वाटेत लागणारे, गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या संगमाचे एक गाव असते. प्रत्यक्षात रुद्रप्रयाग हा १६ सप्टेंबर १९९७ रोजी चमोली, टिहरी आणि पौडी या जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून तयार केलेला स्वतंत्र जिल्हा आहे आणि पंचकेदार म्हणजे शिवाच्या पाच स्थानांपैकी केदारनाथ, मध्यमहेश्वर व तुंगनाथ ही तीन स्थाने याच जिल्ह्यात आहेत. केदारनाथच्या पाठीमागच्या चोराबाडी हिमनदीतून निघालेली मंदाकिनी रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते. या नदीचे खोरे डोळ्यांसमोर ठेवले की जिल्ह्याचा नकाशा समजायला वेळ लागत नाही.

रुद्रप्रयागहून मंदाकिनीच्या काठाने वर निघालेला रस्ता तिलवाडा, अगस्त्यमुनी, चंद्रापुरी अशी गावे मागे टाकत कुंड या ठिकाणी येतो आणि तेथे त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा गुप्तकाशी, फाटा (हे गावाचेच नाव आहे), सोनप्रयाग करत गौरीकुंडला, म्हणजे केदारनाथच्या पायथ्याला जातो. दुसरा उखीमठावरून चोपत्याला आणि तेथून पुढे चमोली जिल्ह्यातील गोपेश्वरला जातो. नवख्या माणसाला नेहमी पहिल्या फाट्यावरच नेले जाते. आधी दुसरा फाटा धरावा आणि केदारनाथ शेवटी ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यामागचे कारण उंचीचे आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर आहे, म्हणजे आपला सह्याद्री जेथे संपतो त्याच्याही वर केदारनाथची पायवाट सुरू होते, आणि तेथून सुमारे ३,५८० मीटरवरील मंदिरापर्यंत एका दिवसात जवळजवळ आणखी एक कळसूबाई, तोही समुद्रसपाटीपासून मोजलेला, चढायचा असतो. मंदिरापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्या माणसाचे पाय ही चढाई सहज निभावतात, परंतु विरळ हवेची सवय व्हायला शरीराला जे दिवस लागतात ते पायांच्या ताकदीने कमी होत नाहीत. पहिल्या खेपेस मीही सहल आयोजकाने हाती दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे हरिद्वारहून रात्री निघून दुसऱ्या दिवशी दुपारी चढायला लागलो होतो. चढावरच्या लिनचोली या थांब्यापर्यंत डोके ठणकू लागले, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पहाटे दर्शनाच्या रांगेत उभे असताना माझे सगळे लक्ष ओकारी कशी दाबावी याकडेच होते. पुढच्या खेपेस चार दिवस आधी उखीमठाला येऊन राहिलो, तेव्हा त्याच वाटेवर हिमशिखरांकडे पाहायला उसंत मिळाली.

सर्वप्रथम महिना ठरवावा. केदारनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचे दार, साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पूर्वार्धात उघडते आणि भाऊबिजेला बंद होते. उघडण्याची तिथी महाशिवरात्रीला उखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर केली जाते, त्यामुळे त्याआधी काढलेली तिकिटे अंदाजावरच असतात. मे आणि जून हे सर्वांत गर्दीचे महिने. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या तेव्हाच असल्यामुळे मराठी कुटुंबे नेमकी त्याच गर्दीत सापडतात. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या खोऱ्यात जाऊ नये. १६ आणि १७ जून २०१३ रोजी चोराबाडी ताल हे तळे फुटून केदारपुरीवर, म्हणजे मंदिराभोवतीच्या वस्तीवर, आणि खालच्या वस्त्यांवर ओढवलेला प्रलय सर्वांना ठाऊक आहे, परंतु ३१ जुलै २०२४ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीनेही पायवाट ठिकठिकाणी तुटली होती आणि वर अडकलेल्या हजारो यात्रेकरूंना खाली आणावे लागले होते. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ मला सर्वांत उत्तम वाटतो, कारण पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते, शिखरे सकाळी उशिरापर्यंत दिसतात आणि खोल्याही मिळतात. थंडी मात्र खरी असते, रात्री पारा शून्याखाली उतरतो. ज्यांना केदारनाथपेक्षा जंगलाची ओढ अधिक आहे त्यांनी मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलमध्ये यावे. मंदिरे तेव्हा बंद असतात, पण चोपता आणि देवरियातालच्या परिसरातील बुरांशाची झाडे लाल फुलांनी लगडलेली असतात.

दुसरी पायरी नोंदणीची. केदारनाथसह उत्तराखंडातील चारही धामांसाठी तेथील पर्यटन विभागाकडे आगाऊ नोंदणी करणे बंधनकारक आहे. ती संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर विनामूल्य होते, आणि हरिद्वार व ऋषिकेश येथेही प्रत्यक्ष नोंदणीची केंद्रे असतात. तेथील रांग आणि रोजची मर्यादा पाहता घरूनच नोंदणी करून निघावे. नोंदणीपत्राची छापील प्रत आणि आधारकार्ड जवळ ठेवावे, कारण तपासणीच्या वेळी मोबाइलला रेंज असेलच असे नाही. हेलिकॉप्टरने जायचे असल्यास गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी येथून उड्डाणे होतात आणि तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. अधिकृत संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून पैसे लुबाडणारे दर वर्षी निघतात. व्हॉट्सॲपवर तिकीट देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नये. शिवाय हेलिकॉप्टरचा प्रवासी काही मिनिटांत दीड-दोन हजार मीटर वर जातो, त्यामुळे उंचीचा त्रास त्याला टळत नाही, उलट अचानक होतो. वयस्कर आई-वडिलांना हेलिकॉप्टरने नेणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांशी सविस्तर बोलून घ्यावे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष पोहोचण्याची. मुंबईहून हरिद्वारला थेट रेल्वेगाड्या आहेत, इतरत्र राहणाऱ्यांना दिल्लीवरून जाणे सोयीचे पडते, आणि विमानाने जाणाऱ्यांसाठी डेहराडूनजवळचा जॉली ग्रँट हा विमानतळ आहे. ऋषिकेश ते रुद्रप्रयाग हे अंतर सुमारे १४० किलोमीटर आणि तेथून उखीमठ आणखी चाळीसेक किलोमीटर. कागदावर हे पुणे-कोल्हापूरपेक्षा कमी दिसते, परंतु पूर्ण दिवस याच प्रवासाला द्यावा लागतो. डोंगरातल्या बसगाड्या ऋषिकेशहून पहाटे चार-पाचच्या सुमारास सुटतात, आणि शेअर जीपगाड्याही सकाळीच भरतात. दुपारनंतर पुढची गाडी मिळेल या भरवशावर कोठेही उतरू नये. खासगी गाडी ठरवली तरी पहाटेच निघावे, कारण रात्री या रस्त्यांवर वाहतूक बंद ठेवतात आणि दरड कोसळून रस्ता अडला तर हाताशी उजेड असणे गरजेचे असते. चालक स्थानिकच असावा. दिल्लीहून आणलेल्या चालकाला घाटात गाडी चालवता येते, पण वरून खडे घरंगळू लागले की कोठे थांबायचे आणि कोठून झटकन निघून जायचे हे गढवाली चालकालाच कळते. ज्यांना वळणांवर मळमळते त्यांनी पुढची जागा मागावी आणि रिकाम्या पोटी बसू नये.

देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांचा संगम दिसतो, श्रीनगर (हे गढवालचे श्रीनगर, काश्मीरचे नव्हे) ओलांडल्यावर अलकनंदेत उभारलेले धारीदेवीचे मंदिर लागते, आणि रुद्रप्रयागच्या अलीकडे गुलाबराय येथे १९२६ च्या मे महिन्यात जिम कॉर्बेट यांनी या भागात आठ वर्षे दहशत माजवणाऱ्या नरभक्षक बिबट्याला मारले ती जागा आहे. वेळ असेल तर रुद्रप्रयागच्या संगमावर अर्धा तास उतरावे. पायऱ्या थेट पाण्यापर्यंत गेलेल्या असल्या तरी प्रवाहाला प्रचंड ओढ आहे. स्नान साखळी धरूनच करावे.

मुक्कामासाठी गुप्तकाशीऐवजी मी उखीमठ सुचवतो. दोन्ही गावे मंदाकिनीच्या दोन अंगांना समोरासमोर, जवळपास सारख्याच म्हणजे तेराशे मीटरच्या उंचीवर आहेत, परंतु उखीमठ अधिक शांत आहे. हिवाळ्यात केदारनाथ आणि मध्यमहेश्वर या दोहोंची पूजा येथील ओंकारेश्वर मंदिरात होते. केदारनाथचे मुख्य पुजारी रावळ हे कर्नाटकातील वीरशैव परंपरेतले असतात, ही बाब आपल्याकडच्या लिंगायत वाचकांना जवळची वाटेल. एटीएम, औषधे, टॉर्चचे सेल यांची सगळी खरेदी याच गावात आटोपावी. पुढे यूपीआयचे फलक सर्वत्र दिसतात, पण रेंज गेली की फलक नुसतेच उरतात, म्हणून दोन-तीन दिवसांचा खर्च भागेल एवढी रोकड, त्यातही सुट्या नोटा, जवळ ठेवाव्यात.

जेवणाच्या बाबतीत मराठी माणसाने येथे परकेपणा मानण्याचे कारण नाही. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ, आणि झंगोऱ्याची खीर ज्या धान्याची होते ते आपल्या वरीच्या तांदळाचे भावंड आहे. हमरस्त्यावरच्या ढाब्यांत पराठे आणि नूडल्सच पुढे केले जातात. राहत्या घरच्या बाईंना आदल्या संध्याकाळी ‘दीदी, कल मंडुवे की रोटी मिलेगी?’ एवढे विचारून ठेवले की दुसऱ्या दिवशी ती तव्यावरून थेट ताटात येते, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला भांगाच्या बियांची चटणी. या बियांनी नशा होत नाही, त्यामुळे संकोच करू नये.

आता चालण्याचा क्रम. पहिल्या दिवशी उखीमठाहून सारी गावी जावे आणि तेथून देवरियातालला चढावे. हे तळे सुमारे २,४४० मीटरवर आहे आणि वाट अडीच-तीन किलोमीटरची, दगडी फरसबंदीची, पण सलग चढाची आहे. वनविभागाचे प्रवेशशुल्क भरावे लागते. तळ्याचे नाव ऐकून आलेल्यांपैकी बरेचजण दुपारी बाराला पोहोचतात, वाऱ्याने चुरगळलेले पाणी पाहतात आणि छायाचित्रात दिसते तसे काहीच नाही म्हणून हिरमुसून परततात. सारीत मुक्काम करून पहाटे अंधारात निघावे. सूर्य वर येण्यापूर्वी, वारा पडलेला असताना, प्रथम चौखंबाच्या माथ्याला तांबूस रंग चढतो, आणि काही क्षणांनी तोच रंग पायांशी पाण्यात उलटा उतरलेला दिसतो. एखादे बदक पाण्यात शिरले की ते संपूर्ण शिखर थरथरते. हा खेळ जेमतेम अर्धा तास चालतो.

दुसऱ्या दिवशी चोपता गाठावे. सुमारे २,६८० मीटरवरील ही जागा गाव नव्हे, रस्त्याकडेच्या काही खानावळी आणि निवाऱ्यांचा समूह आहे. परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा असल्यामुळे विजेसाठी सौरऊर्जेवर भिस्त असते. मोबाइल आणि पॉवर बँक उखीमठातच भरून घ्यावेत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुंगनाथची साडेतीन ते चार किलोमीटरची चढण चढावी. सुमारे ३,६८० मीटरवरील हे मंदिर जगातील सर्वांत उंचावरचे शिवमंदिर मानले जाते, आणि वाट बांधीव असल्याने हळूहळू चालणारा माणूसही तीन तासांत पोहोचतो. वर आणखी दीड किलोमीटरवर चंद्रशिला हे चार हजार मीटरच्या आसपासचे शिखर आहे. तेथे जायचे असेल तर सकाळी नऊच्या आत माथ्यावर असावे, कारण त्यानंतर ढग खालून चढू लागतात आणि नंदादेवी, त्रिशूळ, चौखंबा एकामागून एक झाकले जातात. वाटेवर मोनाल पक्षी दिसण्याची शक्यता असते. मोठ्या आवाजात गाणी लावून चालणाऱ्यांना तो दिसत नाही, आणि त्यांच्यामुळे मागून येणाऱ्यांनाही.

तुंगनाथवरून त्याच दिवशी खाली चोपत्याला येऊन झोपावे. या संपूर्ण आखणीतील मेख येथे आहे: शरीराला केदारनाथपेक्षाही थोड्या अधिक उंचीची ओळख करून द्यायची, पण झोप मात्र हजार मीटर खाली घ्यायची. या फेरीत डोकेदुखी किंवा मळमळ किती होते यावरून केदारनाथला आपले कसे होईल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, आणि येथे त्रास झाला तर एक दिवस उखीमठात विश्रांती घेऊन मगच पुढचा निर्णय करता येतो.

केदारनाथसाठी आदल्या रात्री सीतापूर किंवा सोनप्रयागला मुक्काम करावा. खासगी वाहने सोनप्रयागपर्यंतच जातात. पुढचे पाच किलोमीटर शेअर जीपने गौरीकुंडला जावे लागते आणि त्या जीपच्या रांगेत गर्दीच्या दिवसांत तास-दोन तास मोडतात. म्हणून पहाटे चारला रांगेत उभे राहणे परवडते. गौरीकुंडला लोखंडी टोकाची काठी मिळते, ती घ्यावीच. तेथील प्लास्टिकचे रेनकोट मात्र पहिल्याच काटकुळ्या फांदीला फाटतात, त्यामुळे चांगला रेनकोट घरून आणावा. कपडे थरांमध्ये घालावेत: आत घाम शोषून लवकर वाळणारा बनियन, त्यावर लोकरीचे, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. जीन्सची पँट भिजली की दिवसभर वाळत नाही. बूट नवे नसावेत, किमान महिनाभर वापरलेले असावेत.

पायवाट सोळा ते अठरा किलोमीटरची आहे. जंगलचट्टी आणि भीमबलीपर्यंत ती झाडीतून जाते. त्यापुढे रामबाडा येते, किंवा येत असे म्हणावे लागेल, कारण दुकाने आणि धर्मशाळांनी गजबजलेली ती वस्ती २०१३ मध्ये पूर्णपणे वाहून गेली. येथे पूल ओलांडून नवी वाट पलीकडच्या अंगाने लिनचोलीकडे चढते आणि खरी परीक्षा याच टप्प्यात असते. वेगाचा एकच निकष ठेवावा: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. घोडे आणि खेचरे जात असताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही, कारण लादलेल्या जनावराचा नुसता धक्काही पुरेसा होतो. घोडा, डंडी (माणसांनी खांद्यावर वाहायची पालखी) किंवा कंडी (पाठीवरची टोपली) करायची असेल तर सरकारी खिडकीवर ठरलेल्या दराने पावती घ्यावी, आणि लंगडणारे किंवा धापा टाकणारे जनावर नाकारावे.

दिवसभर उजेड आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लिनचोलीला पोहोचायला दुपारचे तीन वाजून गेले असतील आणि आकाश भरून आले असेल, तर तेथेच तंबूत मुक्काम करून उरलेले अंतर सकाळी चालावे. मंदिरापाशी अंथरूण-पांघरूण मिळते, पण ते दमट असते, त्यामुळे पातळ स्लीपिंग बॅग किंवा निदान स्वतःची चादर असावी. रात्री सौम्य डोकेदुखी होणे सामान्य आहे. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, चालताना तोल जाऊ लागला, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता वाटेवरच्या वैद्यकीय मदत केंद्रात जावे आणि खाली उतरावे. दर्शन झाले नाही याची हळहळ अशा वेळी बाजूला ठेवावी. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच घ्यावी. कापूर हुंगल्याने श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते, परंतु हवेतील प्राणवायू त्याने वाढत नाही.

दर्शनासाठी सामान्यतः सकाळी गाभाऱ्यात प्रवेश मिळतो, आणि संध्याकाळी शृंगारानंतर दुरून दर्शन होते. गर्दीच्या दिवसांत या वेळा बदलतात. येथील लिंग आपल्या त्र्यंबकेश्वर किंवा भीमाशंकरासारखे नाही. वृषभाच्या पाठीच्या आकाराची ती त्रिकोणी शिळा आहे आणि भाविक तिला तूप लावतात. मंदिराच्या आत मोबाइल आणि छायाचित्रण यांना मनाई आहे. बाहेर पडल्यावर मागच्या बाजूची भीमशिला पाहावी, जिने २०१३ च्या लोंढ्याचे पाणी दुभंगून मंदिर वाचवले असे मानतात, आणि तेथून अर्ध्या तासाच्या चढावर भैरवनाथापाशी जावे, कारण संपूर्ण केदारपुरी आणि तिच्यामागची हिमभिंत एका नजरेत तेथूनच दिसते.

उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. काठी पुढे टेकत छोटी पावले टाकावीत. परतीच्या वाटेवर हाताशी एक दिवस असेल तर सोनप्रयागहून बारा किलोमीटरवरील त्रियुगीनारायण पाहावे. शिव-पार्वतीचा विवाह जेथे लागला असे मानतात, तेथे अखंड धुनी आहे आणि भाविक तिच्यात समिधा अर्पण करून थोडी राख घरी नेतात. दोन दिवस असतील आणि पाय शाबूत असतील, तर रुद्रप्रयागहून पोखरी रस्त्याने कनकचौरीला जाऊन कार्तिकस्वामीची तीन किलोमीटरची डोंगरधार चढावी. मध्यमहेश्वर मात्र या फेरीत कोंबू नये. रांसीपासून गौंडारमार्गे जाणारी ती वाट एकेरीच सोळा-सतरा किलोमीटरची आहे, मुक्कामाच्या सोयी साध्या आहेत, आणि तिला स्वतंत्र तीन-चार दिवस द्यावे लागतात.

हा सगळा क्रम हरिद्वार ते हरिद्वार नऊ दिवसांत बसतो. परतीच्या रेल्वेचे आरक्षण मात्र दहाव्या नव्हे, अकराव्या दिवसाचे करावे. दरड कोसळल्याने श्रीनगरच्या अलीकडे किंवा पलीकडे एक रात्र गाडीत काढावी लागणे हे येथे नेहमीचेच आहे, आणि रस्ता मोकळा होऊन तो दिवस वाचलाच, तर ऋषिकेशला गंगेकाठी बसून ओले बूट वाळवता येतात.